हंगाम सरल्यावर : डोंगर, बर्फ आणि सायकल

वैशाख हा आपल्याकडे रिकामपणाचा महिना. गहू-हरभरा घरात आलेला असतो, उन्हाळ कांदा चाळीत जाऊन पडलेला असतो, आणि पाऊस अद्याप दूर असतो. म्हणूनच लग्ने याच दिवसांत होतात, जत्रा याच दिवसांत भरतात, आणि व्याख्यानेही याच दिवसांत होतात. न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली, तीही याच दिवसांतली. रिकाम्या काळात समाज काय करतो, यावरून त्याच्या अंगच्या जोमाची पारख होते, असे आम्हांस वाटते. पिकाच्या दिवसांत सगळेच राबतात. हंगाम सरल्यावर कोण काय करतो, हा खरा प्रश्न आहे.

हाच प्रश्न घेऊन आज आम्ही एका दूरच्या वाटणाऱ्या विषयाकडे वळणार आहोत. बर्फाच्या डोंगरांवर हिवाळ्यात स्कीइंग चालते, म्हणजे पायांना लांब पट्ट्या बांधून उतारावरून घसरत जाण्याचा खेळ. बर्फ वितळले की तो खेळ बंद पडतो. मग त्या मोकळ्या महिन्यांत त्याच डोंगरांवर सायकली आल्या, त्यांच्या शर्यती आल्या, आणि गेल्या पन्नास वर्षांत त्यातून एक नवाच खेळ उभा राहिला. कळवणच्या श्रोत्यांना बर्फाशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. बर्फाशी नसेल, पण डोंगराशी आहे, सायकलीशी आहे, आणि रिकाम्या हंगामाशी तर फारच आहे.

प्रथम सायकलीची जन्मकथा पाहू, कारण तीही एका चुकलेल्या हंगामाचीच कथा आहे. १८१५ च्या एप्रिल महिन्यात इंडोनेशियातील तांबोरा नावाच्या ज्वालामुखीचा भयंकर स्फोट झाला. त्यातून उडालेल्या सूक्ष्म कणांनी वातावरणाच्या वरच्या थरात पडदा धरला, आणि पुढच्या वर्षी, म्हणजे १८१६ साली, युरोपात उन्हाळा असा आलाच नाही. पिके बुडाली, धान्य कडाडले, दाणावैरण महाग झाली. घोडा पोसणे अशा वेळी अवघड. या पार्श्वभूमीवर जर्मनीतील कार्ल द्राइस या गृहस्थाने घोड्यावाचून चालणारे दोन चाकांचे एक लाकडी वाहन तयार केले, आणि १२ जून १८१७ रोजी मानहाइम नगरातून त्यावर बसून फेरफटका केला. त्याला पायडल नव्हते. पायांनी जमीन मागे ढकलीत जावयाचे. दुष्काळाचा आणि या शोधाचा संबंध किती निकटचा, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. परंतु काळ लागूनच आहे, एवढे खरे. पाऊस चुकला की काय होते, हे ज्यांना ठाऊक आहे त्या आपल्या लोकांना ही जुळणी चमत्कारिक वाटणार नाही.

पुढे १८८५ मध्ये इंग्लंडात स्टार्ली याने दोन सारखी चाके आणि मागच्या चाकाला साखळी अशी 'रोव्हर' सायकल काढली. १८८८ मध्ये डनलॉपने हवा भरलेला टायर आणला. आणि त्याच १८८८ साली आपल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलीचे लहानसे दुकान थाटले, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. लोखंडी नांगर, पंप आणि इंजिने करणाऱ्या एका प्रचंड उद्योगाचा आरंभ सायकल दुरुस्तीच्या दुकानात झाला. सायकल हे केवळ वाहन नव्हे. ज्या गावात ती येते त्या गावात पाना धरणारा हात तयार होतो.

परंतु सायकल ही मूळची सपाटीची. डोंगरावर ती कशी चढली, हे समजण्यास थोडे तिच्या रचनेत शिरले पाहिजे. समजा, पायडलपाशी ४४ दात्यांचे चक्र आहे आणि मागच्या चाकापाशी २२ दात्यांचे. तर पायडलच्या एका फेऱ्यात मागचे चाक दोन फेरे घेणार. सपाटीवर हे झकास चालते. नांदुरीहून सप्तशृंगी गडाच्या घाटाला मात्र अशी सायकल घातली, की दुसऱ्या वळणावर मांड्या भरून येतात. आता पुढे २२ दाते आणि मागे ३३ दाते करा. पायडलच्या एका फेऱ्यात चाक पुरता एक फेराही घेत नाही, दोन-तृतीयांशच घेते. गती जाते, पण जोर वाढतो. बैलगाडी सरळ चढावर न जाता नागमोडी वळणे घेत घाट चढते, त्यात जो हिशेब आहे तोच येथे दात्यांत बसविला आहे. अंतर वाढवा आणि ओझे हलके करा.

हा हिशेब सर्वांस पटावयास मात्र वेळ लागला. फ्रान्सची प्रसिद्ध शर्यत 'तूर द फ्रान्स' १९०३ साली सुरू झाली आणि १९१० साली ती प्रथम पिरेनीज पर्वताच्या उंच खिंडींतून नेण्यात आली. स्वार कच्च्या रस्त्यांवरून, प्रसंगी सायकल ढकलीत चढले. साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवून गिअर बदलण्याची युक्ती तोपर्यंत फ्रान्समध्ये माहीत होती. परंतु शर्यतीचे प्रवर्तक देग्रांज यांस ती स्वाराच्या पौरुषाला कमीपणा आणणारी वाटे. १९३७ पर्यंत त्यांच्या शर्यतीत अशा गिअरना मज्जाव होता. तिकडे अमेरिकेत १८९७ साली कृष्णवर्णीय शिपायांची एक तुकडी लेफ्टनंट मॉस याच्या हाताखाली सायकलींवरून मोंटाना प्रांतातील मिझूला येथून निघाली आणि रॉकी पर्वताच्या वाटा, चिखल आणि वाळू तुडवीत सुमारे ४० दिवसांत सेंट लुईस शहरी पोहोचली. अंतर ३,००० किलोमीटरांच्या वर. डोंगरी सायकलीचे आद्य स्वार कोण, असे विचारले तर या गरीब शिपायांचे नाव घ्यावे लागेल. पण त्यांच्या प्रवासातून खेळ निर्माण झाला नाही. खेळ निर्माण होण्यास रिकामा वेळ लागतो, आणि शिपायास तो नसतो.

तो रिकामा वेळ कोठे होता? बर्फाच्या डोंगरांत. कोलोराडो प्रांतात क्रेस्टेड ब्यूट नावाचे एक कोळशाच्या खाणींचे गाव आहे. १९५२ साली तेथील मोठी खाण बंद पडली आणि गाव ओस पडते की काय अशी वेळ आली. १९६० नंतर जवळच्या डोंगरावर स्कीइंग सुरू झाले. हिवाळ्यात गावाला चार पैसे मिळू लागले. परंतु बर्फ गेले की पुन्हा सामसूम. रस्ते कच्चे, मोटारीला पैसा नाही. म्हणून गावातली तरुण मंडळी जुन्यापुराण्या, जाड टायरांच्या सायकली वापरीत. १९७६ च्या उन्हाळ्याअखेर शेजारच्या ॲस्पेन या श्रीमंत गावचे काही मोटारसायकलवाले पर्ल नावाची खिंड ओलांडून तेथे आले आणि त्यांनी आपल्या पराक्रमाचा तोरा मिरविला, असे सांगतात. क्रेस्टेड ब्यूटच्या तरुणांना ते झोंबले. त्यांनी आपल्या भंगार सायकली काढल्या आणि उलट दिशेने तीच खिंड ओलांडून ॲस्पेन गाठले. खिंडीची उंची सुमारे ३,८७० मीटर. वाटेत रात्र काढावी लागली, सायकली मोडल्या, बरीच वाट ढकलतच काटावी लागली. पण गेले. ईर्ष्या आणि रिकामपण एकत्र आले की असे काही घडते, हे खेड्यातल्या माणसाला सांगावयास नको.

त्याच वर्षी २१ ऑक्टोबर रोजी कॅलिफोर्नियात, फेअरफॅक्स गावाजवळच्या टेकडीवर, दुसऱ्या एका टोळक्याने उताराची शर्यत लावली. वाट सुमारे सव्वातीन किलोमीटरांची आणि उतार ४०० मीटरांचा. सायकली १९३०-४० च्या काळातल्या, पायडल मागे दाबले की ब्रेक लागणाऱ्या. उतार संपेपर्यंत चाकाच्या तुंब्यातले ग्रीस तापून धूर होऊन जाई आणि पुन्हा भरावे लागे. म्हणून शर्यतीचे नावच 'रिपॅक', म्हणजे पुन्हा भरा, असे पडले. जुन्या सांगाड्यांना हे हाल सोसत ना. तेव्हा त्यांच्यातला जो ब्रीझ याने १९७७ मध्ये खास डोंगरासाठी नवा सांगाडा घडविला. १९७९ मध्ये गॅरी फिशर आणि चार्ली केली यांनी टॉम रिची याने जोडलेले सांगाडे घेऊन 'माउंटनबाइक्स' या नावाने धंदा मांडला. १९८१ मध्ये 'स्टम्पजंपर' ही सायकल कारखान्यातून ढिगाने निघू लागली. जाड टायर, भक्कम सांगाडा, दोन्ही चाकांना जोरकस ब्रेक आणि चढासाठी हलके गिअर, अशी ही डोंगरी सायकल. पाच वर्षांत भंगाराचे भांडवल झाले.

आता बर्फाच्या डोंगरांचे धनी जागे झाले. त्यांची अडचण ध्यानात घ्या. माणसांना वर नेणारे पाळणे, रज्जुमार्ग, खानावळी, विश्रामगृहे हे सगळे लाखोंचे भांडवल. चालते वर्षातून चारपाच महिने. उरलेल्या काळात गंज चढणार आणि नोकर घरी बसणार. त्यांनी सायकली पाळण्यांना टांगून वर नेण्यास सुरुवात केली. कॅलिफोर्नियातील मॅमथ या स्कीइंगच्या डोंगरावर १९८५ पासून उताराची मोठी शर्यत भरू लागली. कॅनडातील व्हिस्लर येथे १९९९ मध्ये खास सायकलींच्या वाटांचे उद्यानच उघडले. आणि जागतिक सायकल संघाने मान्य केलेली डोंगरी सायकलीची पहिली विश्वविजेतेपद स्पर्धा १९९० च्या सप्टेंबरात कोलोराडोतील ड्युरँगो या गावानजीकच्या स्कीइंगच्या डोंगरावरच झाली. ड्युरँगोचे नाव श्रोत्यांनी लक्षात ठेवावे. ते पुढे आपल्या नाशिकच्या कथेत येणार आहे. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये या खेळाला स्थान मिळाले. भंगार सायकलींच्या त्या सफरीपासून ऑलिंपिकपर्यंत अवघी वीस वर्षे लागली.

ड्युरँगो येथे स्त्रियांच्या लांब पल्ल्याच्या शर्यतीत पहिली आली ती जूली फुर्टाडो. ही मूळची सायकलपटू नव्हे. कोवळ्या वयातच ती अमेरिकेच्या स्कीइंगच्या राष्ट्रीय संघात होती. गुडघे दुखावले, शस्त्रक्रिया झाल्या, स्कीइंग सुटले. गुडघ्यांना सोसवेल असा व्यायाम म्हणून सायकल हाती आली, आणि तिने तिला विश्वविजेती केले. असाच ग्रेग लेमाँड. त्याला स्कीइंगमध्ये नाव काढावयाचे होते. १९७५ च्या सुमारास वेन वाँग नावाच्या नामांकित स्कीपटूने त्याला सांगितले, की बर्फ नसते त्या दिवसांत अंग तयार राखावयाचे तर सायकल चालवावी. ती चालविता चालविता त्याला सायकलच गोड लागली. १९८६ साली तूर द फ्रान्स जिंकणारा तो पहिला अमेरिकन ठरला. १९८९ साली त्याने तीच शर्यत अवघ्या ८ सेकंदांच्या फरकाने पुन्हा जिंकली आणि १९९० साली तिसऱ्यांदा. अलीकडचे उदाहरण स्लोव्हेनियाच्या रोग्लिचचे. बर्फावरून झेप घेण्याच्या खेळात तो २००७ च्या कनिष्ठ विश्वविजेत्या संघात होता. पुढे सायकलीवर बसला आणि टोकियो ऑलिंपिकच्या वेळेविरुद्धच्या शर्यतीत त्याने सुवर्णपदक मिळविले. मुख्य हंगामाची उणीव भरून काढण्यासाठी जवळ केलेली गोष्टच आयुष्याची मुख्य गोष्ट होऊन बसते, असे हे तिघांचे चरित्र सांगते.

येथवर कथा गोड आहे. परंतु इतिहासाने दुसरी बाजूही नोंदली आहे, आणि ती आमच्या मते अधिक महत्त्वाची. डोंगराचा रिकामा हंगाम हा माणसाच्या हिशेबात रिकामा. डोंगराच्या हिशेबात नव्हे. बर्फाखाली जमीन झाकलेली असते. बर्फ गेले की गवत उगवते, पाखरे अंडी घालतात, भिजलेली माती हळूहळू बसते. नेमक्या त्या वेळी शेकडो चाके फिरली तर काय होईल? मराठीत चाकाने पडलेल्या घसरीला चाकोरी म्हणतात. उतारावरच्या चाकोरीत पहिल्या पावसाचे पाणी शिरते, तिचा ओहोळ होतो, ओहोळाची घळ होते, आणि माती खाली जाते. कॅलिफोर्नियात ज्या टमलपाइस डोंगराच्या परिसरात हा खेळ वाढला, त्याच डोंगरावर पायी चालणारे आणि घोड्यावरून जाणारे लोक सायकलवाल्यांविरुद्ध तक्रार करू लागले. १९८० नंतरच्या दशकात तेथील अरुंद पायवाटा सायकलींस बंद झाल्या. तेव्हा सायकलवाल्यांचे डोळे उघडले. १९८८ मध्ये त्यांनी एक आंतरराष्ट्रीय संघटना स्थापिली आणि वाटा जपून वापरण्याचे नियम, वाटांची स्वतः डागडुजी करण्याची शिस्त अंगी बाणवून घेतली. आधी डोंगर वापरला, मग भांडण झाले, मग नियम केले, असा हा क्रम. आपल्याला तो उलटा करण्याची संधी आहे.

आणखी एक गोष्ट. पाळण्यात बसून वर जावयाचे आणि सायकलीवरून खाली यावयाचे, यात कौशल्य आहे, धाडस आहे. परंतु चढ नाही. पर्ल खिंड ओलांडणाऱ्यांच्या पदरी जे पडले ते चढातून पडले. आम्ही उताराच्या खेळाची निंदा करीत नाही. पण ज्या देशात वीज, पाळणे आणि भांडवल मुबलक नाही, त्या देशाने चढाकडे पाठ फिरवू नये, एवढेच आमचे म्हणणे.

आता आपल्या देशाकडे येऊ. हिमालयात बर्फ आहे, स्कीइंगही आहे; काश्मिरात गुलमर्ग, उत्तराखंडात औली. तेथेही उन्हाळा-पावसाळा रिकामा जातो. मनालीच्या शिवा केशवन याने त्याचा केलेला उपयोग जगाने पाहिला. त्याचा खेळ ल्यूज, म्हणजे पाठीवर निजून बर्फाच्या घळीतून घसरत जाण्याचा. बर्फाची बांधलेली घळ देशात नाही. तेव्हा त्याने घसरगाडीला चाके लावली आणि हिमाचलच्या घाटरस्त्यांवरून, मोटारी आणि मेंढरांचे कळप चुकवीत, सराव केला. १९९८ ते २०१८ या काळात तो सहा हिवाळी ऑलिंपिक स्पर्धांत उतरला. डोंगरी सायकलींची हिमाचलातील अनेक दिवसांची शर्यत २००५ पासून सुरू झाली. पावसाळा संपून बर्फ पडण्याच्या आधीचे दिवस त्यासाठी निवडण्यात आले. मनालीहून लेहला जाणारा रस्ता उन्हाळ्यात मोकळा झाला की महाराष्ट्रातले कितीतरी तरुण-तरुणी आपल्या सायकली घेऊन तेथे जातात आणि ५,००० मीटरांहून उंच खिंडी चढतात. आणि आता तर हंगामाची रेषाच पुसट होऊ लागली आहे. २०२४ च्या जानेवारीत गुलमर्गच्या उतारांवर बर्फ नव्हते. २०२५ च्या फेब्रुवारीत तेथे व्हावयाच्या राष्ट्रीय हिवाळी स्पर्धा बर्फाअभावी पुढे ढकलाव्या लागल्या. एकाच हंगामावर पोट अवलंबून ठेवणे किती धोक्याचे, हे बर्फवाल्यांना आता कळत आहे. कांदावाल्यांना ते केव्हाच कळले आहे.

नाशिकचा या कथेशी संबंध आम्ही मघाशी सूचित केला. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत सुमारे ४,८०० किलोमीटरांची एक सायकल शर्यत दर वर्षी जून महिन्यात होते. तिच्यात मुक्काम नसतात. घड्याळ चालूच असते. २०१५ साली नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या दोघा भावांनी आळीपाळीने सायकल चालवीत ही शर्यत नऊ दिवसांच्या मुदतीच्या आत पुरी केली. असे करणारे ते पहिले भारतीय. त्यांच्या संघाच्या नावातच आदिवासींचा उल्लेख होता. २०१७ साली लष्करातील डॉक्टर लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ यांनी ती एकट्याने पुरी केली आणि त्यांच्या पाठोपाठ नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनीही. गोकुळनाथांचा सरावही नाशिकच्या रस्त्यांवरचाच. आता या शर्यतीची वाट पाहा. ॲरिझोनाच्या वाळवंटातून ती कोलोराडोत शिरते, ड्युरँगो गावातून जाते, आणि पुढे वूल्फ क्रीक नावाची सुमारे ३,३०० मीटर उंचीची खिंड चढते. म्हणजे आपल्या कळसूबाईच्या दुप्पट. खिंडीलगतच स्कीइंगचा डोंगर आहे. जून असल्यामुळे तो त्या वेळी रिकामा. डोंगरी सायकलीचे पहिले विश्वविजेतेपद ज्या गावी ठरले, त्या गावावरून, बर्फाच्या रिकाम्या हंगामात, नाशिकची माणसे खिंड चढून गेली. त्या चढाची तयारी कोणी बर्फात केली नव्हती. ती आपल्याच घाटांत झाली होती.

यावर कोणी म्हणेल, की डॉक्टर आणि लष्करी अधिकारी यांना हे साधते. कष्टकऱ्याच्या पोराचे काय? त्याचे उत्तर आपल्या शेजारीच आहे. चांदवड तालुक्यातील तळेगाव रोही हे दुष्काळी गाव. तेथला दत्तू भोकनळ विहिरी खोदण्याच्या कामावर जाई. २०१२ मध्ये तो सैन्यात दाखल झाला आणि तेथे नौकेच्या वल्ह्याला त्याचा हात लागला. पाण्याची टंचाई असलेल्या गावच्या या मुलाने २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरी नौकानयनात तेरावा क्रमांक मिळविला आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या नौकेत सुवर्णपदक आणले. ज्या गावात पाणी नाही तेथून नावाडी निघतो; तर ज्या गावात डोंगर आहेत तेथून डोंगरी सायकलस्वार का निघू नये?

आणि डोंगरांची आपल्याकडे वाण नाही. दक्षिणेस सातमाळा : अचला, अहिवंत, सप्तशृंगी, मार्कंडा, रवळ्या-जवळ्या, धोडप. उत्तरेस सेलबारी-डोलबारीची ओळ आणि तिच्यातच बागलाणातला १,५६७ मीटर उंचीचा साल्हेर. आपल्याकडे खिंडीला बारी म्हणतात. या बाऱ्यांनी व्यापारी, वारकरी आणि फौजा पाहिल्या आहेत. सुरतेच्या दुसऱ्या स्वारीहून परतताना १६७० च्या ऑक्टोबरात शिवाजी महाराजांनी दाऊदखानाला वणी-दिंडोरीनजीक अडविले ते याच डोंगराच्या वाटांवर. आणि १६७२ मध्ये साल्हेरच्या पायथ्याशी मराठ्यांनी मोगलांचा उघड्या मैदानात पराभव केला. २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशात स्थान दिले. त्यांत साल्हेर आहे. यापुढे या बाजूला बाहेरची माणसे अधिक येणार, हे उघड आहे. त्यांतली काही सायकलींवरून येणार, हेही उघड आहे.

मग प्रश्न असा, की ती आली तर लाभ कोणाचा? गडावर आपण एक हंगाम पाहतोच : चैत्रात खानदेशातून पायी येणारे भाविक, आश्विनात नवरात्र, मग कोजागरी. २०१८ पासून गडाच्या माथ्यावर फ्युनिक्युलर ट्रॉलीही चालू झाली. म्हाताऱ्याकोताऱ्यांची मोठी सोय झाली. गडाच्या यात्रेवर किती घरे जगतात हे आपण जाणतो. परंतु पश्चिम पट्ट्यातील पाडे त्या हंगामाबाहेर आहेत. पावसाळी नागली, वरई, भात आटोपला की तेथली माणसे द्राक्षाच्या बागांकडे मजुरीला उतरतात. डोंगरी सायकलीला आपल्याकडे योग्य काळ कोणता? भर पावसाळ्यात माती फाटते. वैशाखात ऊन सोसवत नाही. कार्तिकापासून माघ-फाल्गुनापर्यंतचा कोरडा, थंड काळ हाच तो. म्हणजे ज्या महिन्यांत पाडे रिकामे होऊ लागतात, तोच सायकलीचा हंगाम. क्रेस्टेड ब्यूटला उन्हाळ्याने जे दिले, ते आपल्या पाड्यांना हिवाळा देऊ शकेल. वाटाड्या, मुक्कामाची पडवी, नागलीची भाकरी, पंक्चर काढणारा हात, एवढ्यावर काही घरांचे स्थलांतर टळले तरी पुष्कळ झाले.

हे आपोआप होणार नाही. कळवण तालुका राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीतील क्षेत्रात येतो, आणि १९९६ च्या पेसा कायद्याने गावच्या साधनसंपत्तीविषयी ग्रामसभेला बोलण्याचा अधिकार दिला आहे. तेव्हा कोणती पायवाट सायकलीला खुली, कोणती बंद, कोणत्या महिन्यात डोंगराला विसावा, हे ग्रामसभेने आधी ठरवावे. टमलपाइसला हे भांडणानंतर सुचले. गिरणा आपल्याच पश्चिमेच्या डोंगरांत उगम पावते. तेथली माती सुटली तर ती चणकापूरच्या धरणात गाळ होऊन बसणार आणि खालच्या सगळ्या शेतांना त्याची झळ लागणार. डोंगराच्या वाटेचा निर्णय हा म्हणूनच पाण्याचाही निर्णय आहे.

आणि स्वार? ते तयारच आहेत. शासनाच्या मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतील आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना शाळेत जाण्यासाठी सायकली मिळतात. त्या साध्या सायकली आहेत, त्यांना गिअर नाहीत. घाट लागला की उतरून ढकलाव्या लागतात. पर्ल खिंडीतही पहिल्यांदा असेच ढकलीत गेले होते. या मुलींतल्या ज्या चढावर शेवटपर्यंत उतरत नाहीत त्या शाळांनी हेराव्या, तालुक्याने वर्षातून एकदा बारीच्या चढाची शर्यत लावावी, आणि पहिल्या येणाऱ्यांच्या हाती गिअरची चांगली सायकल द्यावी. खर्च एका मिरवणुकीपेक्षा अधिक होणार नाही. शर्यत चढाची असावी, हा आमचा आग्रह आहे. कारण उतार कोणालाही खाली आणतो, पण चढावर कोण किती पाण्यात आहे ते कळते.